वाचकांचे प्रश्न : लाईट गेली, पिल्लांना ऊब कशी द्यायची?

थंडीत रात्री-बेरात्री वीज गेल्यावर ब्रूडरमधली (ऊब देऊन वाढवायच्या जागेतली) कोंबडीची पिल्लं कशी जगवायची, याबद्दल नाशिक जिल्ह्यातून बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचं सदर आम्ही त्यांनाच देत आहोत.

प्रश्न : सुधारित गावरान जातीची २०० पिल्लं आणली आहेत, आज पाचवा दिवस. १०० वॅटचे चार बल्ब लावले आहेत. आमच्या वस्तीवर रात्री कधीही लाईट जाते आणि सकाळपर्यंत येईल याचा नेम नसतो. जनरेटर नाही. लाईट गेल्या गेल्या काय करायचं ते क्रमाने सांगा. – एक वाचक, ता. निफाड

उत्तर : पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश तापमान लागतं. तुमच्या तालुक्यातली थंडी राज्यात गाजलेली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. म्हणजे ब्रूडरमधली हवा आणि बाहेरची हवा यांत २५ अंशांहून जास्त फरक. पाच दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. शरीराचं तापमान आपलं आपण राखायची ताकद दुसरा आठवडा संपेपर्यंत त्याच्यात पुरती येत नाही. बल्ब विझले की पिल्लं आधी कर्कश चिवचिवतात, मग गोळा होतात, मग एकमेकांवर चढतात. थंडीच्या रात्रीची मोठी मरतुक या ढिगाखाली होते : खालची पिल्लं गुदमरून जातात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात जे कराल तेच खरं.

सगळ्यात आधी उजेड करा. अचानक अंधार झाला की पिल्लं बावरतात आणि कोपऱ्यात ढीग करतात. चार्जिंगची बॅटरी ब्रूडरवर कायम टांगलेली असावी. घरात शोधत बसायची वेळ येऊ नये.

लगेच दुसरं काम, गॅसवर किंवा चुलीवर पाणी चढवणं. ते तापायला अर्धा तास लागतो, म्हणून गार्डला (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाला) हात लावण्याआधी पातेलं चढलेलं असू द्या.

पाणी तापेपर्यंत जागा लहान करा. मोठ्या गार्डमधली ऊब पिल्लांच्या अंगाला लागण्याआधीच उडून जाते. २०० पिल्लं एकाच गोलात ठेवू नका, शंभर-शंभरचे दोन गोल करा. लहान गटात ढीग झाला तरी खालच्या पिल्लावरचं ओझं कमी असतं. शंभर पिल्लांना साडेतीन फूट व्यासाचा गोल पुरतो. त्यासाठी गार्डचा ११ फूट लांबीचा पत्रा किंवा पुठ्ठा लागेल, उंची दीड फूट. गोल खरोखरच गोल हवा, कुठेही कोपरा नको. खाली तूस तीन ते चार इंच आणि कोरडं हवं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं झालेलं तूस आधी काढून टाका, कारण ओल्या तुसावरचं पिल्लू वरून कितीही ऊब दिली तरी पायांकडून गारठतं.

मग छप्पर. गार्डच्या आत एक फूट उंचीवर बांबूच्या कामट्या आडव्या घाला आणि त्यावर दुहेरी बारदान टाका. गोलाचा पाऊण भाग झाका, पाव भाग उघडा ठेवा. गरम हवा वर चढते. छप्पर खाली आणलं की ती पिल्लांच्या अंगाभोवतीच राहते. बारदान मधोमध खाली लोंबता कामा नये, नाहीतर त्याखाली पिल्लं दबतात. प्लास्टिकची ताडपत्री थेट गोलावर घालू नका. पिल्लांच्या श्वासातली वाफ तिला आतून धरते, थेंब खाली पडतात आणि भिजलेलं पिल्लू कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर गारठतं. ताडपत्रीची जागा शेडच्या बाजूला, वाऱ्याकडच्या जाळीवर.

आता उष्णता. घरातली दहा लिटरची स्टीलची कळशी या कामाला उत्तम. साधारण ७० अंशांचं पाणी भरा, म्हणजे वाफ निघत असते पण उकळी फुटलेली नसते. तोंड घट्ट झाकणाने बंद करून वर फडकं बांधा, कळशीला बारदानाचे दोन वेढे द्या आणि ती चुंबळीवर किंवा दोन विटांच्या बेचक्यात ठेवा, म्हणजे कलंडणार नाही. दहा लिटर पाणी ७० अंशांवरून ४० वर येईपर्यंत जवळजवळ ३५० वॅट-तास उष्णता देतं; १०० वॅटचा बल्ब साडेतीन तास जळाल्याइतकी. एवढं पाणी तापवायला घरगुती शेगडीवर ८०-९० ग्रॅम गॅस जातो. शंभर पिल्लांच्या गोलात दोन कळशा ठेवा आणि त्या एकाच वेळी बदलू नका. दर तासाला एक बदलली की ऊब सलग राहते. बारदानावर मनगटाची आतली बाजू मिनिटभर ठेवून बघा. चटका बसला तर आणखी एक वेढा द्या.

कळशी नसेल तर खाद्यतेलाचे पाच लिटरचे जाड कॅन चालतात. बाटलीबंद पाण्याच्या पातळ बाटल्या मात्र ७० अंशांना आकसतात आणि बुडातून गळतात. त्याच वापरायच्या झाल्या तर पाणी ५५-६० अंशांपर्यंतच ठेवा.

एवढं झाल्यावर थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. पसरून शांत बसली, मध्ये एखादं दाणा टिपतंय, तर जमलं. कळशीला चिकटून ओरडत असतील तर ऊब कमी पडतेय. कळशीपासून दूर, चोच उघडी, पंख सैल सोडलेले दिसले तर जास्त झालीय, बारदान थोडं सरकवा. सगळी एका बाजूला गेली असतील तर समोरच्या बाजूने वाऱ्याची झोत येतेय, ती फट शोधा. पाच-सहा पिल्लं उचलून त्यांचे पाय स्वतःच्या गालाला लावा. पाय गार लागले तर वरची हवा कितीही उबदार वाटली तरी पिल्लू गारठलेलं आहे. वीस मिनिटांनी एक फेरी मारा आणि ढीग दिसला की हात घालून हळूच फोडा. पहिले दोन तास हे टाळता येत नाही.

पाणी प्यायला कोमटच द्या. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीचं पाणी पिल्लाला आतून गार करतं.

लाईट परत आली की चारही बल्ब लावून, छप्पर काढून, गोल उघडून एकदम मोकळे होऊ नका. आधी बल्ब लावा, अर्ध्या तासाने छप्पर काढा, गोल सकाळी मोठा करा. बल्ब लावताना बारदान आणि कामट्या बल्बपासून दीड फूट तरी लांब असल्याची खात्री करा. घाईत लटकत राहिलेलं बारदान तापलेल्या बल्बला लागलं की आग लागते.

प्रश्न : लाईट गेली म्हणून शेडमध्ये कोळशाच्या दोन शेगड्या ठेवल्या, पडदे सगळीकडून बंद केले. शेड चांगली उबदार होती. तरी सकाळी तीस-पस्तीस पिल्लं मेलेली, बाकीची सुस्त. ढीग झालेला नव्हता, पिल्लं पसरूनच मेली होती. रोग आला का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : तुम्ही दिलेली लक्षणं रोगापेक्षा कोळशाच्या वायूकडे जास्त बोट दाखवतात. हवा कमी पडते तिथे कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवा आत घेऊनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. पिल्लं आधी सुस्तावतात, डोळे मिटतात, मान टाकतात आणि आहेत त्या जागी मरतात. खात्रीसाठी ताज्या मेलेल्या दोन-तीन पिल्लांचं शवविच्छेदन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या. या वायूने मेलेल्या पिल्लांचं रक्त आणि फुप्फुसं नेहमीपेक्षा उजळ लाल दिसतात.

कोळशाचा धूर गेला, लाल निखारा झाला, आता धोका नाही, हा समज घातक आहे. धूर गेला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याहून वाईट सवय म्हणजे निखारे रात्रभर टिकावेत म्हणून त्यावर राख ओढणं. राखेखाली निखारा घुसमटत जळतो आणि विषारी वायू जास्त सोडतो.

शेगडी वापरायचीच झाली तर ती बाहेर पेटवा, पूर्ण लाल होऊ द्या आणि मगच आत आणा. पडदे खालून बंद, पण शेडच्या दोन्ही लांब बाजूंना वरच्या कडेला सहा इंचांची फट रात्रभर उघडी हवी. शेगडी विटांवर एक फूट उंच ठेवा, भोवती दोन फुटांवर जाळी लावा, आसपासचं तूस झाडून जमीन मोकळी करा. कोळसाही थोडाच लागतो. एक किलो लाकडी कोळशात साधारण आठ युनिट (८,००० वॅट-तास) उष्णता असते. २०० पिल्लांची गरज ४०० वॅट धरली आणि निम्मी उष्णता वर निघून गेली, तरी तासाला १०० ग्रॅम कोळसा पुरतो. शेगडी काठोकाठ भरायची गरज नाही. थोडा कोळसा, पुरती हवा आणि जागता माणूस, हे तिन्ही नसतील तर शेगडी आत नेऊच नका.

त्या शेडमध्ये किंवा तशा खोलीत कुणीही झोपायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पिल्लांना जे होतं तेच माणसालाही होतं, आणि झोपेत काही कळत नाही.

आमचं मत विचाराल तर शेगडीपेक्षा धुराडं असलेली बुखारी बरी. पत्र्याच्या पिंपात लाकूड जळतं, धूर आणि वायू पाइपाने छपराबाहेर जातात, आत फक्त पत्र्याची उष्णता येते. धुराड्याच्या सांध्यातून धूर आत येत नाही ना, हे पिल्लं आणण्याआधी एकदा पेटवून पाहावं. आणखी साधा उपाय म्हणजे विटा. बाहेर चुलीजवळ भाजक्या, कोरड्या विटा तापवा, लोखंडी घमेल्यात दोन इंच वाळू टाकून त्यावर ठेवा आणि वर जाळी झाका. जळणारं काहीच आत जात नसल्याने वायूचा प्रश्नच येत नाही. नदीतले गोटे मात्र तापवू नका, आतल्या ओलाव्याने ते फुटून उडतात. तापलेल्या विटेला बारदान गुंडाळू नका, ते पेट घेतं.

प्रश्न : इन्व्हर्टर घ्यायचा आहे. दीडशे पिल्लांची बॅच असते. १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी रात्र काढेल का? एलईडी बल्ब लावले तर जास्त वेळ चालेल असं दुकानदार म्हणतो. – एक वाचक, घोटी

उत्तर : एलईडी जास्त वेळ चालेल, पण पिल्लांना ऊब देणार नाही. तो कमी वीज खातो याचा अर्थच तो कमी उष्णता देतो. ब्रूडिंगला तारेचा जुना बल्ब किंवा इन्फ्रारेड बल्बच हवा. एलईडी फक्त उजेडापुरता, एक पुरे.

आता बॅटरीचा हिशेब. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरवली तर लवकर खराब होते. निम्मी वापरायची असं धरलं तर ९०० उरतात. इन्व्हर्टर स्वतः १५ टक्क्यांच्या आसपास खातो, म्हणजे हाती साधारण ७६५. पिल्लामागे दोन वॅट धरून १५० पिल्लांना ३०० वॅट लागतात, म्हणजे जेमतेम अडीच तास. अडचणीच्या रात्री बॅटरी ८० टक्के वापरली तर चार तास निघतील, पण ते रोजचं करू नका. जुन्या बॅटरीचे हे आकडे आणखी खाली येतात.

म्हणून रात्रभराचा भार एका बॅटरीवर टाकण्यापेक्षा भार कमी करा. पहिल्या उत्तरात सांगितलेलं बारदानाचं छप्पर आणि लहान गोल केला की १५० वॅटवर काम भागू शकतं, आणि तीच बॅटरी पाच तास चालते. इन्व्हर्टरला फक्त ब्रूडरचे बल्ब आणि एक एलईडी जोडा. घरातला पंखा, टीव्ही त्याच लाइनवर राहिला तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

इन्व्हर्टरइतकीच मोलाची, पण स्वस्त वस्तू म्हणजे भोंगा. २३० व्होल्ट कॉइलचा एक रिले घ्या. त्याच्या नॉर्मली क्लोज्ड टोकांतून ९ व्होल्टची बॅटरी बझरला जोडा. वीज आहे तोवर रिले संपर्क तोडून धरतो, वीज गेली की टोकं जुळतात आणि झोपायच्या खोलीत भोंगा वाजतो. वायरमन अर्ध्या तासात करून देतो. बॅटरी दर बॅचला बदला. इन्व्हर्टर असला तरी भोंगा मुख्य लाइनवरच लावा, म्हणजे बॅटरी उतरण्याआधी तुम्हाला जाग येईल. आणि जागे झाल्यावर १९१२ या वीज-तक्रारीच्या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून ठेवा, आपोआप कुणाला तरी कळेल या भरवशावर राहू नका.

घोटीत तुम्हाला एक सोय आहे : भाताच्या गिरण्या जवळ, तूस ताजं आणि स्वस्त. इगतपुरी पट्ट्यात पावसाळ्यानंतरही हवेत ओल असते, तेव्हा गोणी आणल्यावर दोन दिवस उन्हात वाळवून मगच पसरा. बुरशी लागलेलं तूस वापरलं तर पिल्लांच्या फुप्फुसांचा आजार होतो.

प्रश्न : आमच्याकडे वीज असून नसल्यासारखी. वीस-पंचवीस गावठी पिल्लं असतात. इन्व्हर्टर परवडत नाही. – एक वाचक, सुरगाणा

उत्तर : एवढ्या पिल्लांना विजेची गरजही नाही. खुडूक (अंड्यांवर बसलेली) कोंबडी असेल तर तिच्याइतकं चांगलं ब्रूडर कोणतंच नाही. मध्यम अंगाची गावठी कोंबडी दहा ते बारा पिल्लं पंखाखाली नीट घेते, थंडीत त्याहून जास्त देऊ नका. कडेची उघडी पडतात. बाहेरची पिल्लं द्यायची तर ती एक-दोन दिवसांचीच असावीत आणि कोंबडी दोन-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली असावी. अंधार पडल्यावर एक-एक पिल्लू मागच्या बाजूने पोटाखाली सारा, त्याच वेळी एक-एक अंडं काढून घ्या. पहाटे उजेड होताच पाहायला जा. चोच मारत असेल तर पिल्लं लगेच काढा, ती पुढे स्वीकारेल या आशेवर ठेवू नका. कोंबडीच्या पंखाखाली उवा-गोचिडं असतील तर पिल्लं देण्याच्या आठ दिवस आधी औषध लावून घ्या.

खुडूक कोंबडी नसेल तर पेंढ्याची पेटी करा. दोन फूट रुंद बांबूची पाटी किंवा लाकडी खोकं घ्या. तळाला चार इंच कोरडा पेंढा दाबून बसवा, बाजूंनीही चार इंचांचा थर द्या आणि मधोमध सव्वा फुटाची पोकळी ठेवा. पेंढा सुटून आत पडू नये म्हणून पोकळीला आतून गोणपाट शिवा. वर झाकणाला जुनी गोधडी, पण कडेला हाताच्या पंजाएवढी फट कायम उघडी. त्यात वीस-पंचवीस पिल्लं एकमेकांच्या अंगाच्या उबेवर रात्र काढतात. पहिल्या आठवड्यात मधोमध गरम पाण्याची एक लिटरची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा आणि रात्रीतून दोन-तीनदा बदला. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३८ वर येताना २५ वॅट-तासच देतं. उघड्या जागेत ते काहीच नाही, पण पेंढ्याच्या पेटीत पुरतं. पिल्लं कमी असतील, समजा सहा-सातच, तर पोकळीही लहान करा. सकाळी पेटी उघडून उन्हात ठेवा, ओला पेंढा बदला. दाणा-पाणी पेटीबाहेर द्या, आत पाणी सांडलं की सगळंच वाया जातं.

प्रश्न : रात्री दोन तास लाईट नव्हती, उशिरा कळलं. काही पिल्लं आडवी पडलेली, पण धुगधुगी होती. ऊब दिल्यावर बरीच उठली. तरी पुढच्या तीन-चार दिवसांत रोज चार-पाच मरतायत. असं का? – एक वाचक, दिंडोरी

उत्तर : गारठ्याची मरतुक त्याच रात्री संपत नाही. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, तो पहिल्या काही दिवसांत जिरायला हवा. गारठलेल्या पिल्लात तो नीट जिरत नाही, तिथे जंतू वाढतात, पोट फुगतं, बेंबी लाल किंवा ओली दिसते. दुसरं, गारठलेलं पिल्लू खाण्याकडे जात नाही, पाणीही पीत नाही, आणि मग अशक्तपणाने मागे पडतं. तिसरं, मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बंद होते. ती दिसली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढा, ओढू नका, आणि पिल्लू पुसून कोरडं करूनच परत सोडा. बेंबीची लक्षणं असतील तर औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. आपल्या मनाने पाण्यात प्रतिजैविक घालू नका.

पुढच्या वेळी असं झालं तर आडव्या पिल्लांना वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घ्या. ओली असतील तर आधी फडक्याने टिपून कोरडी करा. खोक्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब द्या आणि सावकाश तापू द्या. केस वाळवायच्या यंत्राची गरम झोत, निखाऱ्याजवळ धरणं, गरम पाण्यात बुडवणं, हे तिन्ही टाळा. बाहेरची कातडी भाजते, आतलं शरीर गारच राहतं. पिल्लू मान सावरून उभं राहिल्यावरच पाणी पाजा : लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम गूळ, चोच फक्त टेकवायची. आडव्या पिल्लाच्या तोंडात थेंब सोडले तर ते श्वासनलिकेत जाऊन तिथेच मरतं. गुळाचं पाणी चार-सहा तासांपुरतंच, पुढे साधं पाणी. जास्त दिलं तर शी पातळ होऊन मागे चिकटते. दाणा त्यानंतर, कागदावर पसरून.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पाचव्या ते सातव्या दिवसाची लासोटा (राणीखेत रोगाची) लस अशा रात्रीनंतर लगेच देऊ नका. पिल्लं पुन्हा नीट खाऊ लागेपर्यंत दोन दिवस थांबा. आणि लाईट नसताना फ्रिजमधली लस २ ते ८ अंशांत राहिली होती का, हेही बघा. शंका असेल तर नवी कुपी आणा.

प्रश्न : पिल्लं ज्या खोक्यांतून येतात ती जपून ठेवावीत का? – एक वाचक, कळवण

उत्तर : पहिल्या आठवड्यापुरती, त्याच बॅचसाठी, जरूर ठेवा. शंभर पिल्लांच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात आणि भोकं हवेच्या हिशेबाने पाडलेली असतात. पिल्लं प्रवासात त्यातच एकमेकांच्या उबेवर येतात. दोन-तीन दिवसांची पिल्लं लाईट नसताना परत त्यात भरून घरातल्या बंद खोलीत तीन-चार तास ठेवता येतात. खोकी एकावर एक रचताना मध्ये दोन इंचांची पट्टी ठेवा, भोकं बुजवू नका. सातव्या दिवशी ब्रॉयलर पिल्लू चौपट वजनाचं झालेलं असतं, तेव्हा कप्प्यात दहा-बारापेक्षा जास्त भरू नका. आठवडा झाला की खोकी जाळून टाका. दुसऱ्या बॅचला वापरली तर आधीचे जंतूही सोबत येतात.

प्रश्न : किती दिवसांच्या पिल्लांना लाईट गेली तरी चालते? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : गरज आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरते : पहिला आठवडा ३३ ते ३५, दुसरा ३० ते ३२, तिसरा २७ ते २९, चौथा २४ ते २६. तिसऱ्या आठवड्यात पंख आणि पाठ पिसांनी भरते, तेव्हा कोरडं तूस आणि वाऱ्यापासून आडोसा असेल तर काही तास निभावतं. फक्त ढीग होत नाही ना ते पाहायचं. पाच आठवड्यांच्या गावरान पिल्लांना नाशिकच्या नेहमीच्या थंडीत वेगळी ऊब लागत नाही. शहरात बाजारातून मुलांसाठी चार-सहा पिल्लं आणलेली असतात, ती मात्र बहुधा पहिल्याच आठवड्यातली असतात. त्यांना वर सांगितलेली पेटी आणि गरम पाण्याची बाटली द्या, बाल्कनीत ठेवू नका.

प्रश्न : एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली तरी हेच करायचं का? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : नाही, अगदी उलट. मालेगावात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी पिल्लांना बाहेरून उष्णता लागतच नाही. गार्ड मोठा करा, दोन्ही बाजूंचे पडदे पूर्ण वर घ्या, पाण्याची भांडी दुप्पट करून सावलीत ठेवा आणि पत्र्यावर ओलं बारदान टाका. पिल्लांच्या अंगावर पाणी शिंपडू नका. पहाटे तीन-चारनंतर मात्र हवा उतरते, म्हणून पहिल्या आठवड्यातली पिल्लं असतील तर झोपण्यापूर्वी वाऱ्याकडचा पडदा निम्मा खाली सोडा आणि एक कळशी भरून तयार ठेवा.